ताईच्या मशीनवरचं नाव

आमच्या घरात पितळी पराती दोन होत्या. एकीत आई पीठ मळायची आणि दुसरीत बाबा नावं भिजवायचे. दोन्ही सारख्याच, म्हणून आईनं बाबांच्या परातीच्या काठाला सुतळी गुंडाळून ठेवली होती. तरी मधूनच चुकामूक व्हायची आणि भाकरीला टर्पेंटाइनचा वास यायचा. मग आई काही न बोलता ती भाकरी नेमकी बाबांच्या पानात वाढायची आणि बाबाही काही न बोलता मिरचीच्या ठेच्याबरोबर ती खाऊन टाकायचे. नवराबायकोचं भांडण म्हणजे काय ते मी असंच शिकले. आवाज चढलेला मला एकदाच आठवतो.

बाबा अमरावतीला कचेरीत कारकून होते. अंबागेटाच्या आत आम्ही भाड्याच्या तीन खोल्यांत राहत होतो. आई, बाबा, माझी थोरली बहीण कुसुम आणि मी. दिवसभर बाबा दुसऱ्यांच्या अर्जांच्या नकला करत आणि त्याचा वचपा सकाळी आणि रविवारी घरी काढत. त्यांना छंद होता ट्रान्सफर बनवायचा. नव्या सायकलच्या दांडीवर किंवा शिलाई मशीनच्या अंगावर कंपनीचं रंगीत नाव असतं ना, त्याला तेव्हा ट्रान्सफर म्हणत. कागदावर रंगवलेलं नाव पाण्यात भिजवायचं, कागदावरून रंगाचा पापुद्रा सुटला की तो अंगठ्यानं हळूच सरकवून लोखंडावर बसवायचा. वाळला की झालं. कंपनीचं नाव असं चिकटतं तर माणसाचं का नाही, हा प्रश्न बाबांच्या डोक्यात कधी आणि कसा शिरला कोण जाणे. सायकलच्या दुकानातून त्यांनी खराब झालेले ट्रान्सफर मागून आणले, भिजवून पाहिले, उलगडून पाहिले आणि पुष्कळ कागद वाया घालवून शेवटी आपली कृती बसवली. पातळ कागदाला आधी गव्हाची खळ, तिच्यावर बडनेरा रस्त्याच्या बाभळींचा डिंक, डिंकावर वार्निश, वार्निशवर अक्षरं आणि वेलबुट्टी, आणि सगळ्यात वर पुन्हा वार्निश. प्रत्येक थर पुरता वाळला पाहिजे. त्यासाठी माजघरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधलेल्या असत आणि आम्ही वर्षाचे बारा महिने त्यांच्याखालून वाकून चालत असू. पावसाळ्यात काही वाळायचं नाही, उन्हाळ्यात माश्या चिकटायच्या. सकाळी कापसाच्या जिनचा भोंगा वाजला की बाबा ब्रश धुऊन ठेवत आणि कचेरीचा कोट चढवत.

त्यांची नावं गावात हिंडू लागली. कॉलेजातल्या पोरांच्या सायकलींवर, वसतिगृहात जाणाऱ्यांच्या ट्रंकांवर, एका बँडवाल्याच्या ढोलावर, एका टांगेवाल्याच्या पाठफळीवर. पैसा फार सुटत नसे. रंगाचा खर्च निघे आणि आईला मधूनमधून लुगडं होई. पण बाबा रस्त्यानं चालताना आपली अक्षरं ओळखत आणि त्या दिवशी जेवताना चार शब्द जास्त बोलत. गिऱ्हाईक पोरानं विचारलं, काका, हे निघणार तर नाही ना, की ते हातातला ब्रश खाली ठेवून म्हणत, "पोट्ट्या, सायकल गंजून जाईन, नाव नाही जाणार." हे वाक्य ते इतक्यांदा म्हणत की मी आणि ताई त्यांच्या मागे उभं राहून ओठ हलवत असू.

परवा माझा नातू त्याच्या मोटारीच्या काचेला लावायला स्वतःचं नाव घेऊन आला. विनाईलचं. संगणकावर अक्षर निवडलं, मशीननं कापलं, चहा पिऊन होईस्तोवर तयार. कंटाळा आला की नखानं सोलून काढायचं आणि दुसरं लावायचं, म्हणाला. मी ते हातात घेऊन पाहिलं. अक्षर बरं होतं. नखानं निघतं, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं आणि दुपारी झोप लागली नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे.

ताई मॅट्रिक झाली होती. डिंक गाळायचं काम तिचं, कारण बाबांना तिच्याइतका स्वच्छ गाळलेला डिंक दुसऱ्या कुणाचा चालत नसे. ती हसायची ते नाकानं, तोंड मिटून, आणि तिच्या हातच्या चुनाला, म्हणजे पिठल्याला, जी चव होती ती आईच्याही चुनाला नव्हती. शिवण तिला मनापासून आवडायचं. लग्न ठरलं तेव्हा बाबांनी तिला द्यायला म्हणून शिलाई मशीन आणलं, हातानं चाक फिरवायचं, काळंभोर. स्थळ अकोल्याचं होतं. गावंडे. मुलगा मनोहर शाळेत मास्तर, वडील नाहीत, आई आणि एक धाकटा भाऊ दिनकर. बघायला आले तेव्हा मनोहरनं ताईला एकच विचारलं, "तुमाले शिवता येते म्हणतात?" ताई म्हणाली, "येते." तो म्हणाला, "मले बटण लावता येते. बाकी तुमच्यावर." ताई नाकानं हसली. त्या हसण्यावरून मला कळलं की हिला तो आवडला. साखरपुड्याला दिनकर पंगतीत वाढायला होता, मिसरूड नुकतं फुटलेला लाजाळू पोरगा. "वहिनी, घ्या ना अजून एक. वहिनी, तुमी तर काईच खाल्लं नाही," असं तो ताईच्या पानाशी वाकून वाकून म्हणत होता आणि बायका त्याची थट्टा करत होत्या.

आमच्याकडे सासरचं नाव लग्नाच्या दिवशी कळतं. नवरा ताटातल्या तांदळात अंगठीनं ते लिहितो, मग सगळ्यांना सांगतात, पेढे वाटतात. त्याआधी ते कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. बाबांनी विचारलं. साखरपुडा आटोपल्यावर, विडे खाता खाता, विहीणबाईंना त्यांनी सरळ विचारलं, "नाव काय ठेवणार आहा?" गावंडेबाई जरा गडबडल्या, मग हसून म्हणाल्या, "वसुधा ठेवू म्हनतो." घरी आल्यावर आई बाबांवर जन्मात पहिल्यांदा चिडली.

"काऊन विचारलं तुमी? तांदळात लिहीन तवा समजलं नसतं का?"

"वाळायले दिवस लागतात," बाबा म्हणाले. "लग्नाच्या दिवशी नाव समजून मी काय करू? रुखवतात मशीन नावानिशी पाहिजे."

त्यांनी जीव ओतून काम केलं. हिरव्यागार लंबगोलात सोनेरी अक्षरं, भोवती तांबडी वेल, आणि मध्ये 'सौ. वसुधा मनोहर गावंडे'. एक मशीनच्या अंगावर बसवलं, एक ट्रंकेच्या झाकणावर. शेजारपाजारच्या बायका बघून गेल्या. लग्नाआधी सौभाग्यवती कसं लिहिलं, असं एकीनं दारातून बाहेर पडता पडता म्हटलं, पण ऐकू जाईल असं. आईनं त्याच दिवशी मशीनवर जुनं लुगडं टाकून ठेवलं. बाबा येता-जाता ते बाजूला सारून बघायचे.

लग्न वैशाखात होतं. अकोल्याचं वैशाखातलं ऊन ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून कळायचं नाही. दुपारी दारं लावून, खिडक्यांना ओली पोती टांगून माणसं गप्प पडून राहतात. मनोहर पत्रिका वाटायला सायकलनं बाळापूरला गेला आणि परतताना त्याला ऊन लागलं. कुणाच्या तरी बैलगाडीतून त्याला घरी आणलं, कैरीचं पन्हं पाजलं, अंगाला कांदा चोळला. दुसऱ्या दिवशी तो गेला. आमच्याकडे तार आली ती बाबांनी दारातच उभ्यानं वाचली. ताई आतल्या खोलीत त्याच मशीनवर स्वतःच्या चोळीला काठ लावत होती. बाबा आत येऊन नुसते उभे राहिले. तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि चाकावर तळहात ठेवून ते थांबवलं. "कोण?" एवढंच विचारलं. बाबांनी सांगितलं. तिनं दोरा दातानं तोडला आणि चोळीची घडी घातली. त्या दिवशी आमच्याकडे चूल पेटली नाही.

ताईचं लग्न झालेलं नव्हतं म्हणून ती विधवा नव्हती, आणि तरी लोक तिला कुमारिकाही समजेनात. हळदीकुंकवाला तिला बोलावणं येईनासं झालं. एकदा घरातच बायका आल्या असताना आईनं सगळ्यांना कुंकू लावलं आणि ताईपाशी येऊन तिचा हात क्षणभर थांबला. लावलं तिनं, पण थांबलेला हात सगळ्यांनी पाहिला. आईनं नंतर घासलेटाचा बोळा घेऊन मशीनवरचं ते नाव पुसायचा प्रयत्न केला. मग राखेनं घासलं. वेलीचं एक पान तेवढं पुसट झालं. ताई शांतपणे म्हणाली, "राहू दे आई, मशीन खराब होईन." बाबा दुसऱ्या खोलीत होते. त्यांना ऐकू जात होतं आणि ते उठले नाहीत.

पुढं अंजनगावहून एक स्थळ आलं. बिजवर होता, वय बरंच, पण आईनं आनंदानं मुगाचे वडे तळले. पाहुणा बैठकीत टेकला आणि त्याची नजर कोपऱ्यात गेली. मशीनवरचं लुगडं घसरलं होतं. त्यानं मान वाकडी करून ते नाव मोठ्यानं, अक्षर न् अक्षर, वाचलं. "हे कोन?" म्हणाला. त्यानं वडे खाल्ले, चहा घेतला आणि कळवतो म्हणून गेला. त्यानंतर त्या मशीनवाल्या पोरीची गोष्ट आमच्या आधी सगळीकडे पोचायला लागली. आपल्या पोरीला दुसऱ्याच्या नावानं रंगवून ठेवलेला बाप म्हणून बाबांची ओळख झाली. त्यांचा हात कुणी धरला नव्हता, पण सायकलींची नावं त्यांनी घेणं बंद केलं. माजघरातल्या दोऱ्या तशाच रिकाम्या राहिल्या आणि सवयीनं आम्ही त्यांच्याखालून वाकत राहिलो.

थंडीत गावंडेबाई अकोल्याहून आल्या, दिनकरला घेऊन. आल्या त्या थेट मशीनपाशी गेल्या, लुगडं काढलं आणि मनोहरच्या नावावर बोट ठेवून रडू लागल्या. मलाही रडू आलं. मग पदरानं डोळे पुसून त्यांनी विषय काढला. "हे पोरगी माह्या मनोहरची व्हती. आता दुसऱ्याच्या घरात कशाले जाऊ देता? दिनकर हाये ना. नाव तर तुमीच लेहून ठेवलं, वसुधा गावंडे. आमी थोडीच सांगतलं व्हतं लेह्याले?" दिनकर दाराशी चपलांकडे बघत उभा होता. आईनं त्याला बस म्हटलं तर तो बसला नाही.

ताई स्वयंपाकघरात आंबाडीची भाजी निवडत होती. आई आत आली आणि तिच्या शेजारी बसली. मी चुलीपाशीच होते.

"मले नाही करायचं त्याच्याशी," ताई म्हणाली. "तो मले वहिनी म्हणते."

"मंग काय करशीन बाई?"

"इथंच राहीन. शिकवण्या करीन. शिवीन."

"आन् आमी गेल्यावर?"

ताईनं भाजी निवडायचं थांबवलं नाही. आई रडायला लागली तेव्हा मात्र ती म्हणाली, "बाबाले विचार. ते नाही म्हणतीन तर माहं नाही. ते हो म्हणतीन तर हो."

तिनं हा निर्णय बाबांवर का सोपवला ते मला तेव्हा कळलं नव्हतं. आता वाटतं, तिची खात्री होती की ते नाही म्हणतील. तिला वाटलं असेल, स्वतः काय करून बसलो ते या माणसाला ठाऊक आहे, हा आपल्याला सोडवील. बाबा बैठकीत मांडीवर हात ठेवून बसले होते. आईनं त्यांना विचारलं. ते मशीनकडे बघत म्हणाले, "नाव तर लिहून झालंच आहे." मी माझ्या वडिलांना पुढं पुष्कळ वेळा माफ केलं, त्यांच्या म्हातारपणी त्यांचं सगळं केलं, पण हे वाक्य आठवलं की आजही माझं तोंड कडू होतं. त्यांना नाही म्हणता आलं असतं. कुणीही त्यांना खाल्लं नसतं.

त्यांनी दोऱ्यांवर पुन्हा एक कागद टांगला. अरुंद पट्टी, हिरव्या रंगाची, तिच्यावर सोनेरी अक्षरांत 'दिनकर'. जुन्या हिरव्याशी नवा हिरवा जुळावा म्हणून त्यांनी किती वेळा रंग कालवला असेल, देव जाणे. डिंक या वेळी त्यांनी स्वतःच गाळला. पट्टी वाळल्यावर सुतळीच्या परातीत भिजवली आणि मनोहरच्या नावावर बरोबर बसवली, मशीनवर एक आणि ट्रंकेवर एक. नुसतं बघून कुणाला कळलं नसतं. बोट फिरवलं तर तिथं जरा उंचवटा लागे. ताई दारात उभी राहून हे सगळं बघत होती. काम झाल्यावर बाबांनी तिच्याकडे पाहिलं, तर ती परात उचलून मोरीवर घेऊन गेली.

लग्न बँडाशिवाय झालं. तांदळात नाव लिहायची वेळ आली तेव्हा दिनकरनं ते पटकन लिहिलं. काय लिहिणार ते सगळ्यांना ठाऊकच होतं, त्यामुळे कुणी वाकून पाहिलं नाही. ताई अकोल्याला गेली, पुढं सगळं आयुष्य त्याच घरात राहिली आणि तिथंच गेली. तिला मूल झालं नाही. मारहाण, उपासमार असलं काही तिच्या वाट्याला आलं नाही, हे मी मुद्दाम सांगते, कारण लोक तेच विचारतात आणि नाही म्हटलं की त्यांना बरं वाटतं.

वर्ष उलटून गेल्यावर बाबा आणि मी तिला भेटायला गेलो. बडनेऱ्याला गाडी बदलून अकोल्याला उतरलो. गाडीत बाबा कोटाच्या आतल्या खिशावर सारखा हात ठेवत होते. गावंड्यांचं घर जुन्या शहरात होतं. बैठकीत मनोहरचा मोठा फोटो, त्याला ताजा हार, आणि फोटोखालीच ताईचं मशीन. ती तिथं शेजाऱ्यांचे कपडे शिवत असे, म्हणजे दिवसभर त्या फोटोसमोर. ती वाळली होती. आम्हाला बघून हसली, पण तोंड उघडून, पाहुण्यांना हसतात तसं. दिनकर तेलाच्या गिरणीतून दुपारी घरी आला. बाबांच्या पाया पडला, मला कितवीत आहेस विचारलं, आणि मग भिंतीकडे बघून म्हणाला, "पानी पायजे व्हतं." ताई उठून पाणी घेऊन आली. पाणी पिऊन तो पुन्हा बाहेर गेला.

"तुले काय म्हणून हाक मारतात ते?" मी तिला हळूच विचारलं.

"काईच नाही," ती म्हणाली. "सुरुवातीले एकदा वहिनी निघालं तोंडातून. मंग उठून बाहेर निघून गेले. तवापासून काईच म्हणत नाही. त्याईचाही काय दोष आहे?"

सासूबाई आत गेल्या तेव्हा बाबांनी खिशातून एक कागद काढला. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये नीट जपून आणलेला. हिरवा नव्हता, पांढऱ्या जमिनीवर निळी अक्षरं, भोवती जाईची बारीक वेल. त्यांनी तो ताईच्या मांडीवर ठेवला.

"तुह्या नावाचं केलं," ते म्हणाले. "कुसुम. नुसतं कुसुम. गावभर नावं केली मी, हेच राहून गेलं होतं."

ताईनं तो कागद कडांना धरून उचलला, रंगाला बोट लागू न देता, लहानपणापासून धरायची तसा. उजेडाकडे केला. "वेल चांगली आली," म्हणाली. मग तिनं बाबांकडे पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता, तिला खरंच विचारायचं होतं.

"कशावर लावू, बाबा?"

बाबांनी खोलीभर पाहिलं. मीही पाहिलं. मशीनवर वसुधा, ट्रंकेवर वसुधा. फळीवरच्या भांड्यांवर गावंड्यांच्या आजा-पणज्यांची नावं कोरलेली. भिंतीला टेकलेली सायकल मनोहरची, तिला कुणी हात लावत नव्हतं. बाबांची नजर सगळीकडे फिरून परत आली आणि त्यांनी ती खाली घातली.

आतून सासूबाईंनी हाक मारली, "वसुधा."

"आली," म्हणून ताई उठली. जाताना तिनं तो कागद पुन्हा पुठ्ठ्यांत घातला आणि बाबांच्या हातात दिला. "ओल लागू देजा नोका," ती म्हणाली. "आन् जेवल्याबिगर जाऊ नका. मी भाकरी टाकतो."